बागेच्या कोपऱ्यातले दोन हौद

जवाहर नगर, जयपूर
रामनवमीचा दुसरा दिवस, २००७

प्रिय ज्ञानदा,

मायन्यातच माझे दोन कागद वाया गेले. पहिल्यावर सवयीने 'चि. सौ.' लिहून गेले आणि मग तो 'सौ.' खोडावा लागला. खोडलेल्या 'सौ.'चं पत्र कुणाला पाठवू नये. दुसऱ्यावर नुसतं 'चि.' लिहिलं, तर तू एकदम फ्रॉक घालून डोळ्यांपुढे उभी राहिलीस. मग म्हटलं, प्रिय. माझ्या मुलाची बायको तू आता नाहीस हे कोर्टाने शिक्का मारून सांगितलंय, पण मला प्रिय कोण हे ठरवायला कोर्ट लागत नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हां आई, मतलब, बघते ना' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं. ते घरात पडून राहतं आणि वाचेपर्यंत टोचत राहतं. तू देवनागरी शिकलीस ती हिंदी शाळेत, म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलं तर मोठ्याने वाच, सोडाल्याच्या त्या खोलीत ऐकायला कोण आहे.

आधी हौदांची बातमी. बागेच्या कोपऱ्यातले तुझे दोन्ही गांडूळखताचे हौद अजून उभे आहेत, पण येत्या रविवारी कॉलनीची मीटिंग आहे आणि ते पाडायचे की ठेवायचे याचा तिथे निकाल लागणार आहे. पाडून तिथे बाक टाकावं असं पारीकजींच्या मनात आहे. ते अध्यक्ष, तेव्हा त्यांच्या मनात आहे म्हणजे झालंच, असं सगळे धरून चालले आहेत. मी धरलेलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलंय की बागेत बाकावर बसायला मलाही आवडतं, पण या बाकावर मी बसणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सुखाने बसू देणार नाही.

पहिली गांडुळं तू घरात कशी आणलीस, आठवतं? विद्यापीठाच्या तुमच्या प्राणिशास्त्र विभागातून, स्कूटरवर पायाशी ठेवलेल्या निळ्या टबात, वर ओलं गोणपाट. मला वाटलं, स्वस्तात भाजी मिळाली असेल. गोणपाट उचललं आणि जी किंचाळले ती समोरच्या खंडेलवालांकडे ऐकू गेली. लोकांच्या सुना फ्रिज आणतात, शिलाई मशीन आणतात, माझ्या सुनेने किडे आणले, असं मी मिरजेला बहिणीला कळवलंसुद्धा. टब मोरीच्या बाहेर सावलीत ठेवलास, आणि रोज भाजी निवडून झाली की देठं, साली, चहाचा चोथा त्यात टाकून वर गोणपाट ओढायचीस, तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तसं. पावसाळा येईपर्यंत टबात काळंभोर, भुसभुशीत खत तयार झालं. तू कामावर गेलेली असताना मी मूठभर हातात घेऊन हुंगलं. कचऱ्याचा वास कुठेच नव्हता, ओल्या मातीचा होता. त्या दिवसापासून मी तुझ्या पक्षात आले. ह्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेलेली, तेव्हा 'या गांडुळांचा विमा उतरवला का' हा एक विनोद त्यांनी करून घेतला आणि पुढे येईल त्या पाहुण्याला तोच ऐकवला.

मग तू कॉलनीत निघालीस. विद्यापीठाने गांडुळं द्यायची, विद्यार्थ्यांनी शनिवारी येऊन हौद तपासायचे, कॉलनीने बागेतली जागा द्यायची, घरोघरच्या बायकांनी ओला कचरा वेगळा काढायचा, आणि झालेलं खत ज्याच्या त्याच्या कुंड्यांना परत. ऐकायला किती सोपं! दारोदार मी तुझ्याबरोबर हिंडले, कारण एकट्या सुनेला लोक पाणी देऊन वाटेला लावतात, सासू बरोबर असली की निदान बसवतात. पारीकजी म्हणाले, साप येतील. कुणी म्हणालं, वास येईल. पण खरी अडचण काढली ती विमलाभाभी खंडेलवालांनी, आणि ती तुझ्या पुस्तकात नव्हती. "सब्ज़ी के छिलके तो गाय के होते हैं. गाय का हिस्सा कीड़ों को खिला दूँ?" त्यांचं काही चूक नव्हतं. इथे पहिली पोळी गाईची आणि भाजीच्या सालीही गाईच्याच. फक्त त्याच साली प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नाक्यावर ठेवायच्या आणि गाईने त्या पिशवीसकट गिळायच्या, एवढंच काय ते मधल्या मध्ये झालेलं. तू वाद घातला नाहीस. पोळी गाईला द्या, हिरवा पाला तुमच्या हाताने गाईला द्या, पिशवीत बांधून जे फेकता तेवढं मला द्या, म्हणालीस. विमलाभाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, हो म्हणाल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बादली घेऊन स्वतः बागेत आल्या. मला तुझा इतका अभिमान वाटला की सणवार नसताना मी चक्का बांधून श्रीखंड केलं.

पुढे जे झालं ते झालं. तुमचं दोघांचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. अभिजित बंगलोरला गेला, तू शहराच्या पलीकडे सोडाल्याला खोली घेतलीस, आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दोन म्हाताऱ्या माणसांपुरता कुकर उरला. हौदांचं पुढे काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पारीकजींना वाटलं, आता आपोआप बंद पडतील. ते त्यांनी बोलून दाखवलं, तिथेच चुकले. कुणी मला असं म्हणालं की माझ्या अंगात येतं, हे तुला ठाऊक आहे. आता रोज सकाळी दूध आलं की मी जुनं ताट आणि डाव घेऊन निघते. ताट वाजवलं की बायका बादल्या बाहेर ठेवतात. बादलीत हात घालून बघते. दुधाची पिशवी निघाली, लिंबाची फोड निघाली, की घंटी दाबून ज्याची त्याला परत. सेक्टरातली पोरं मला केंचुआ आंटी म्हणतात. पहिल्यांदा गांडूळ म्हणतात म्हणून राग आला, आता नवीन पोस्टमन पत्ता विचारतो तेव्हा मीच तसं सांगते, लवकर सापडतं. शनिवारी तुझी विद्यार्थिनी चंचल शेखावत येते, हौदात थर्मामीटर खुपसते, माझ्या हातचे पोहे खाते, आणि मी तुझ्याबद्दल काही विचारलं की पोह्यांकडे बघत बसते. गुणाची पोर आहे. पण तू आली नाहीस. मी दर शनिवारी दोन मुठी जास्तच पोहे भिजवते, आणि ते उरले की ह्यांना खावे लागतात.

आता बासोड्याचं ऐक. चंचलने तुला विभागात बसून काय ते सांगितलं असेल, पण ती नंतर आली, मी तिथे होते. आपल्याकडे शीतळासप्तमी श्रावणात, तीसुद्धा माझ्या माहेरी आता कुणी करत नाही. इथे ती होळीनंतर आठवड्याने. आपला फाल्गुन संपायचा असतो तोवर यांचा चैत्र सुरू झालेला असतो. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, अष्टमीला चूल पेटवायची नाही, देवीला थंड नैवेद्य आणि घरानेही थंडच खायचं. तू इथे वाढलीस, तुला मी काय सांगणार. ताकात शिजवलेली राबडी, दहीभाताचा ओलिया, गोड पुए, पकोड्या, कांजीवडे, आणि घरात माणसं चार असोत की दोन, रांधायचं ते वऱ्हाड जेवेल एवढं. उरतं ते प्रसादाचं, कचऱ्यात टाकता येत नाही. दर वर्षी इथल्या बायका ते गाईंपुढे ठेवायच्या. या वर्षी विमलाभाभींच्या मनात आलं की वर्षभर आपली घाण खाऊन ज्यांनी माती करून दिली तेही जीव आपलेच, त्यांना रोज देठं घालतो, मग सणाचं का घालू नये? संध्याकाळी मी बागेत गेले तर हौदांपाशी बायकांची रांग. डोक्यावरून पदर, हातात ताटं, ताटांत पुए आणि दह्याने थबथबलेला ओलिया. एकीने तर हौदाच्या विटेला कुंकवाचं बोट लावलं. ज्ञानदा, मला नको म्हणायचं सुचलंच नाही. ज्यांनी किडे म्हणून नाक मुरडलं होतं त्या बायका गांडुळांना नैवेद्य वाढत होत्या. आपण जिंकलो, असं वाटून माझे डोळे भरून आले होते आणि मी आपली हात जोडून उभी. एरवी लिंबाची फोड पकडणारी मी, त्या दिवशी राबडीचे वाडगे हौदात रिकामे होताना कौतुकाने बघत राहिले. देवीच्या ताटातलं आंबट बाधत नसेल, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं असावं.

ते बाधलं. तेल, मीठ, आंबट, सगळं एकदम पडल्यावर हौद आतून तापला. गांडुळं विटांवरून चढून बाहेर आली आणि फिरायच्या वाटेवर वाळून पडली. कुत्र्यांनी पुए उकरून बागभर केले. वास तर असा की ह्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पारीकजी नाकाला रुमाल लावून आले. वासाबद्दल ते चार शब्द बोलले असते तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. पण ते म्हणाले, माताजीचा प्रसाद किड्यांना घातलात, माताजी कोपली, आता कॉलनीत कुणाच्या पोराला काही झालं तर? झालं. वासाशी भांडता येतं, देवीच्या कोपाशी कोण भांडणार. दुसऱ्या सकाळी मी ताट वाजवत निघाले तर एकाही दारापुढे बादली नाही. पडद्यामागून बायका बघत होत्या, मला दिसत होत्या. मी शेवटच्या घरापर्यंत वाजवत गेले आणि तशीच परत आले. फाटकाशी पोचल्यावर मला रडू फुटलं. ह्यांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्या दिवशी विम्याचा विनोद केला नाही, यावरून काय ते समज.

रडून झाल्यावर मी पदर खोचला, फावडं घेतलं आणि हौदात उतरले. साठी उलटलेल्या बाईने घोटाभर आंबट चिखलात उभं राहायचं, लोकांना फुकटचा तमाशा. पारीकजी त्यांच्या सकाळच्या फेऱ्या मारत होते, प्रत्येक फेरीला इकडे बघून मान हलवत होते. मी टोपलं भरत होते. आणि विमलाभाभी आल्या. हातात दुसरं फावडं. पारीकजी जवळ येईपर्यंत थांबल्या आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पारीकजी, माता के हाथ में क्या है? झाड़ू है. माथे पर सूप है. सफ़ाई करने वालों से वो नाराज़ होगी? दही हमने डाला, ग़लती हमारी है, माता को बीच में मत लाओ." ज्ञानदा, मी इतकी वर्षं इथे राहते, शीतळामातेच्या देवळावरून कितीदा गेले, देवीच्या हातात झाडू आहे हे कधी पाहिलं नव्हतं. पारीकजींनी ती फेरी अर्धीच सोडली. मग पडद्यामागच्या एकेक करून बाहेर आल्या. आम्ही सगळा लगदा उपसून उन्हात पसरला, पिंपळाचा वाळका पाला आणि गवळ्याकडचं जुनं शेण आणून घातलं, आणि गणगौरीची धामधूम सरेपर्यंत हौद निवू दिले. काल रामनवमीचा सुंठवडा वाटून झाला आणि मी जाऊन गोणपाट उचललं. तळाच्या एका कोपऱ्यात, जिथवर राबडी झिरपली नव्हती तिथे, चारदोन तांबडी अंगं वळवळली. त्यांच्या आसपास मोहरीएवढी पिवळट अंडी, तू मला भिंगातून दाखवली होतीस तशीच, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पिल्लं. मी पुन्हा किंचाळले. विमलाभाभी लाटणं हातात घेऊन धावत आल्या. आज सकाळी निम्म्या दारांपुढे बादल्या होत्या.

पण पारीकजी हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी नवी पाचर मारून ठेवली आहे. विद्यापीठातलं जबाबदार माणूस रविवारी येऊन सर्वांसमोर सांगेल की आम्ही या कामाच्या पाठीशी आहोत, तर हौद राहतील, नाहीतर बाक. रागाचा भाग सोडला तर अट काही अवाजवी नाही. गांडुळं पुन्हा तुमच्याकडूनच यायची आहेत आणि पुढच्या बासोड्याला बायकांना काय घालायचं नि काय नाही हे माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून पटेल. मी चंचलला म्हटलं, तुझ्या मॅडमना घेऊन ये. तिने पोह्यांकडे बघत बघत सांगून टाकलं की मॅडम या कॉलनीत यायच्या नाहीत, त्यांनी हे काम सोडाल्यातल्या एका कॉलनीत हलवावं असं विभागाला कळवलंय, सरांचा होकार तेवढा यायचा आहे. मला वाटलं, गांडुळं मेली म्हणून तू हात टेकलेस. अशी चिडले तुझ्यावर! सोडाल्यातल्या बायका काय दही लावत नाहीत, तिथे बासोडा होत नाही, असं खरमरीत लिहायचं ठरवलं होतं. मग सहज तिला विचारलं, मॅडमनी हे कधी कळवलं. होळीच्या आधी, म्हणाली. होळीच्या आधी हौद अगदी ठणठणीत होते.

होळीच्या आधी काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. अभिजितचा साखरपुडा झाला. जयपुरातली मराठी घरं ती किती, बातमी सोडाल्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार. वैशाखात लग्न आहे, मांडव याच गल्लीत पडेल. त्या मुलीला मी या घरात तिची जागा पुरी देईन, त्यात कंजुषी करणार नाही आणि तुझ्याशी तिची तुलनाही करणार नाही. पण ती जागा अभिजितच्या बायकोची. माझ्यापाशी तुझी जी जागा आहे ती त्याच्यामार्फत आलेली नाही. ती तू शेणात हात घालून मिळवलीस, आणि ती सोडाल्याला हलवण्याचा अधिकार तुलाही नाही. मांडव पडण्याआधी तू एकदा या गल्लीतून दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेने चालत यावंस आणि लोकांनी तुझ्याकडे कुणाची कोण म्हणून नाही, आपल्या हौदांची डॉक्टर म्हणून बघावं, यासाठी हे पत्र. हौद नसते तरी मी दुसरं काही निमित्त काढलं असतं. मला तुझी फार आठवण येते ग. पारीकजींनी मला विचारलंच, "वो अब किस नाते से आएँगी?" मी म्हटलं, नातं माझं मी बघते, तुम्ही खुर्ची मांडा. मीटिंग दहाला आहे. त्याआधी मी रिक्षा घेऊन सोडाल्याला येते आणि तुझ्या जिन्याखाली उभी राहते. वर येणार नाही, दार वाजवणार नाही, हाक मारणार नाही. तू आली नाहीस तर एकटी परत जाईन आणि हौदाच्या कडेवर जाऊन बसेन, पाडायचे तर मला उचलून पाडावे लागतील. ते मी करीन, तू काळजी करू नकोस. पण तू खाली ये.

तुझीच,
आई